घाडीकाकांचा बांगडाकाठ

घाडीकाका वर्गातून बाहेर पडताना दारात थबकायचे आणि दोन्ही हात डोक्याच्या वर उचलायचे. मग स्वतःवरच वैतागून "च्च" करायचे, हात खाली घ्यायचे आणि जिना उतरून जायचे. आधी मला वाटलं, माणूस आळस देतोय. पण रोज तेच, आणि अगदी उंबऱ्यावरच. वर्गातली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. शेवटी एकीनं धीर करून विचारलं, "काका, रोज घरी जाताना कोणाला शरण जाता हो?"

"गेटाला," काका म्हणाले. "सवय हाय. जाईल."

ती काही गेली नाही. गिरणीत पाळी सुटली की फाटकावर प्रत्येक कामगाराची झडती व्हायची. हात वर करून उभं राहायचं, पहारेकरी काखेपासून कंबरेपर्यंत चाचपणार, डबा उघडून बघणार, मग सोडणार. उभ्या तारुण्यात घाडीकाका रोज असे हात वर करत आले होते. संपात त्यांची गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. गेट गंजलं, पहारेकरी गावी गेले, पण काकांच्या हातांना हे कोणी कळवलंच नव्हतं.

आमचा कम्प्युटर क्लास दादरला, कबुतरखान्याच्या मागच्या गल्लीत, एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर होता. क्लास नेनेसरांचा, शिकवायची मी. गणितात पदवी घेतली होती, गिरगावातून रोज यायचे आणि बेसिक नावाची, कम्प्युटरला कामं सांगायची भाषा शिकवायचे. खालून शेव तळल्याचा वास, वर आमची मोजकी यंत्रं. त्या काळी कम्प्युटरच्या खोलीत चप्पल काढून जायची पद्धत होती, आणि लोक ती देवळापेक्षा मनोभावे पाळत. शिकायला कॉलेजची मुलंमुली, बँकेतले कारकून, संध्याकाळी वेळ घालवायला येणारे दोघेतिघे हौशी. आणि त्यांच्यात पन्नाशीकडे झुकलेले, डोक्याला तेल चोपडलेले, सदऱ्याच्या खिशात कंगवा ठेवणारे सखाराम घाडीगावकर. आम्ही सगळे त्यांना घाडीकाकाच म्हणायचो.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "कम्प्युटर कशासाठी शिकायचाय? नोकरीसाठी?"

"नोकरी कोण देतोय, बाई? मी डिझाईन खात्यातला माणूस. ह्या पेटीत खुंट्या मारता येतात असं ऐकलं, म्हणून आलो."

मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी टेबलावर बोट ओढत समजावलं. साडीच्या काठावर नक्षी उठवायला मागावर एक यंत्र बसवतात. त्यात लाकडी पट्ट्यांची माळ फिरत असते. पट्ट्यांना भोकं असतात. भोकात खुंटी मारली की तिथला धागा उचलला जातो, खुंटी नसली की खालीच राहतो. कुठे खुंटी आणि कुठे रिकामं, एवढ्यावर सगळी नक्षी. त्या खुंट्या ठरवणं आणि मारणं हे काकांचं काम.

तेव्हा आमच्या भाषेतले एक आणि शून्य त्यांना शिकवावेच लागले नाहीत. पण म्हणून बाकीचं भराभर आलं असंही नाही. टाईप करताना एकेक अक्षर शोधत ते कीबोर्डावर बोट फिरवत बसायचे. यंत्रानं चूक दाखवली की त्यालाच झापायचे, "मेल्या, तुला कळत नाय तर माझ्यावर कशाला खेकसतोस?" आणि विनय म्हणाल तर तो त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता. नुसता बटाटेवडा आणला तरी "आमच्या खात्यात असा वडा कोणी खाल्ला नाय" इथून सुरुवात व्हायची. रस्त्यानं जाणाऱ्या बाईच्या साडीचा काठ दिसला की खिडकीतून मोठ्यानं निकाल द्यायचे, "फसवलंय हिला, तिसऱ्या ओळीत खुंटी चुकलीय." मी खिडकी लावून घ्यायचे.

त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे बांगडाकाठ. ही गोष्ट वर्गातल्या प्रत्येक बॅचनं निदान एकदा तरी ऐकली. एकदा दुपारच्या सुट्टीत त्यांनी डब्यातला बांगडा खाल्ला आणि काटा झाकणावर ठेवला. मधे कणा, दोन्ही बाजूंना तिरपे काटे, शेवटी शेपूट. बघता बघता त्यांना तो काठ दिसायला लागला. जेवण उरकायच्या आत खुंट्या ठरल्या. साडी निघाली, तडाखेबंद खपली. गिरगावात, लालबागेत, थेट शीवपर्यंत बायका ती नेसून लग्नाला गेल्या. माझ्या आईकडेही होती, निळ्या अंगाची, पांढऱ्या काठाची. दुकानात मात्र तिचं नाव वेगळंच होतं.

"रजनीगंधा!" काका टेबलावर हात आपटायचे. "बाई, माझ्या बांगड्याला त्यांनी रजनीगंधा केला! साहेबाला वास सहन झाला नाय."

सगळे हसायचे. तेही हसायचे. मग एकदम म्हणायचे, "आणि कापडाच्या ठाणाच्या टोकाला शिक्का कोणाचा? गिरणीचा. साहेबाचं नाव फायलीत, शेठचं नाव दारावर. घाडीगावकर कुठाय? कुठेच नाय."

ते आमच्या जिन्यावर का चढले, हे मला तेव्हा समजलं. काठाच्या खुंट्या मांडून पडद्यावर नक्षी दाखवणारा प्रोग्राम त्यांना करायचा होता. माग चालवण्याआधीच काठ कसा दिसेल ते कळेल, आवडला नाही तर खुंटी हलवता येईल. आणि तो सुरू झाला की पहिल्यांदा त्यांचं नाव येईल. कोणालाही खोडता येणार नाही असं. आयुष्यात ह्याहून जास्त त्यांनी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

काम काकांनी केलं. वेळ लागला, पण केलं. क्लास सुटल्यावर रिकाम्या यंत्रावर बसायला नेनेसरांनी त्यांना मोकळीक दिली होती. एका संध्याकाळी पडद्यावर काळ्यावर पांढरा असा बांगड्याचा काटा उमटला. एक, त्याला जोडून दुसरा, मग तिसरा, पडदाभर. काका खुर्चीतून उठले आणि मागे मागे जात भिंतीला टेकले. साडी दुकानात लांबूनच बघायची असते, असं त्यांचं म्हणणं.

अडचण होती ती नावाची. आमच्याकडे बेसिक दोन प्रकारचं होतं. एक यंत्राबरोबर फुकट यायचं. त्यात प्रोग्राम लिहिता यायचा, चालवता यायचा, पण तो त्या बेसिकच्या पोटातच चालायचा, आणि दोन बटणं दाबली की आतल्या सगळ्या ओळी कोणाच्याही समोर उघड्या. कोणीही यावं, नावाची ओळ पुसावी, स्वतःची घालावी. दुसरं बेसिक विकतचं. त्यातून प्रोग्रामची अशी फाईल बनायची की ती कुठल्याही यंत्रावर आपापली चालेल आणि आतलं कोणाला दिसणार नाही. काकांनी फुकटच्याला धाकलं आणि विकतच्याला थोरलं अशी नावं ठेवली, आणि सगळा क्लास तसंच म्हणायला लागला. थोरल्याची किंमत आमच्यासारख्यांनी विचारायचीही नव्हती. पण विचारत होतं कोण? वर्गात निम्म्या लोकांकडे थोरल्याची नक्कल केलेली फ्लॉपी होती. शेजारून विरजण आणावं तितक्या सहज ती ह्या हातातून त्या हातात जायची.

पटवर्धन म्हणून बँकेतले एक गृहस्थ होते, आमच्या हौशी मंडळींतले. स्वभावानं लोण्यासारखे. त्यांनी स्वतःची फ्लॉपी काकांपुढे ठेवली. "घाडी, घ्या आणि मोकळे व्हा. सगळेच वापरतात."

काकांनी फ्लॉपीला हात लावला नाही. "विकत घेतलेली?"

"छे हो, कोण घेतंय विकत!"

"मग नको."

पटवर्धन हसले. काका हसले नाहीत. त्यांनी खुर्ची वळवली आणि एरवीच्या फुशारकीचा लवलेश नसलेल्या आवाजात बोलायला लागले.

"माझा बाप स्पिनिंगात होता. एकदा डब्याचं झाकण सैल झालं. उरलेली आमटी सांडू नये म्हणून त्याने खाली पडलेली चिंधी उचलून डब्याला बांधली. झाडून फेकायची चिंधी, पटवर्धन. गेटावर सापडली. अख्ख्या पाळीसमोर त्याला हात वर करून उभा ठेवला, बाकीचे सगळे बाहेर जाईपर्यंत. नोकरी गेली त्याचं काय नाय. नंतर गावी गेला, शेती केली. पण जत्रेला कधी गेला नाय. गर्दीत कोणाचा हात लागला तरी दचकायचा. मी गिरणीत लागलो तेव्हा मला एवढंच म्हणाला, झिला, आपल्या अंगावर काय सापडता नये."

खाली फरसाणवाला कढईत झारा आपटत होता.

मग काकांनी धाकल्यातच मार्ग शोधला. धाकल्यात प्रोग्राम कुलूपबंद करून ठेवायची एक सोय होती. एक अक्षर जास्त लिहिलं की प्रोग्राम चालतो, पण आतल्या ओळी कोणाला दिसत नाहीत. मी ती शिकवताना बजावलं होतं की एक उघडी प्रत आधी बाजूला ठेवा, कारण हे कुलूप लावता येतं, काढता येत नाही. पण काकांना उघडी प्रत ठेवणं पटलं नसावं. गिरणीत डिझाईनच्या कपाटाला एकच किल्ली असायची आणि ती खातेप्रमुखाच्या कमरेला. दुसरी किल्ली म्हणजे चोराला वाट, ही तिथली शिकवण. त्यांनी होती नव्हती ती प्रत कुलूपबंद केली, उघडी पुसून टाकली आणि समाधानानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर काठ चालू असताना ते पुढे वाकले आणि त्यांचा चेहरा उतरला. शेपटीतली एक खुंटी चुकली होती. आम्हाला कोणाला दिसली नाही, त्यांना दिसली. दुरुस्त करायला गेले तर यंत्रानं आत घेतलं नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. मग माझ्याकडे बघून ते केविलवाण्या सुरात बोलले.

"बाई, माझ्याच खात्याला टाळं. आणि बाहेर मीच."

पटवर्धनांकडे ते कुलूप तोडायची युक्तीही होती. तीही अर्थात कोणाकडून तरी नकललेली. काकांनी मान हलवली. पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा लिहायला घेतलं, तेही एकेक अक्षर शोधत. पावसाळा आला आणि गेला, त्यांचं चालूच होतं.

ह्याच सुमाराला भिवंडीच्या एका शेठचं बोलावणं आलं. संपाच्या काळात गिरण्यांचं बरंच काम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं होतं, त्यामुळे त्या गावाचं नाव काढलं तरी काकांच्या कपाळावर आठी पडायची. पण शेठला काठ बसवणारा माणूस हवा होता. टेबल, खुर्ची, नवा कम्प्युटर, आणि डिझाईनवाला म्हणून हुद्दा. संपानंतर काकांनी मिळेल ते केलं होतं. माझगावला हमाली केली, चिंचपोकळीला एका कारखान्यात खोके बांधले. आता पुन्हा काठ. भिवंडीहून परत आले तेव्हा ते जिने चढत नव्हते, उड्या मारत होते.

शेठची अट एकच होती. "चाचा, मेरे को वो अंदर का लिखावट नहीं मंगता. फ्लॉपी डालने का, चालू होना मंगता." म्हणजे थोरलं पाहिजे. काकांनी त्यांना सांगितलं, तुम्ही बाजारातून थोरलं विकत आणा, मी बनवून देतो. शेठ पोट धरून हसले म्हणे.

मग पटवर्धनांनी एक गोष्ट केली. चांगल्या मनानंच केली. काकांच्या फ्लॉपीवरून त्यांचा नव्यानं लिहून झालेला, अजून उघडाच असलेला प्रोग्राम घरी नेला, आपल्या नकललेल्या थोरल्यातून त्याची चालती फाईल बनवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती फ्लॉपी यंत्रात सरकवून काकांना हाक मारली.

पडदा काळा झाला. मग इंग्रजी अक्षरांत, मधोमध, सखाराम विठ्ठल घाडीगावकर. खाली, डिझाईन खातं. आणि मग काठ धावायला लागला, धाकल्यात कधी धावला नव्हता इतका भराभर. ह्या खेपेला शेपूट बिनचूक होती. काका भिंतीपर्यंत मागे गेले नाहीत. होते तिथेच उभे राहिले आणि त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

"आता नाव पुसता येणार नाय?" त्यांनी विचारलं.

"कोणाच्या बापाला यायचं नाही," पटवर्धन म्हणाले.

"थोरलं कुठून आणलंत?"

पटवर्धन माझ्याकडे बघायला लागले. खोटं बोलता आलं असतं, पण त्यांना ते जमत नसे. "अहो घाडी, ते सोडा ना. तुमचा प्रोग्राम तुमचाच आहे. झालं ना काम?"

काकांनी यंत्रातून फ्लॉपी काढली आणि पटवर्धनांच्या हातात दिली. "तुमचं मन चांगलं हाय, पटवर्धन. पण आयुष्यात पयल्यांदा माझं नाव कुठेतरी लागलं, ते ह्या मालावर नको."

ते दारापर्यंत गेले. थबकले. दोन्ही हात वर केले. त्या दिवशी "च्च" मात्र ऐकू आलं नाही. हात तसेच वर धरून ते जिन्याच्या पहिल्या पायऱ्या उतरले. त्यानंतर ते क्लासला आले नाहीत.

मला त्यांचा भयंकर राग आला होता. चिंधीसारखी फ्लॉपी, त्यापायी हातातली नोकरी जाते म्हणजे काय? मी लालबागला त्यांच्या चाळीत गेले, चांगलं खडसावायचं म्हणून. खोलीत काकी साड्यांच्या ढिगात बसून फॉल लावत होत्या. संप झाल्यापासून घर त्या फॉलवर चाललं होतं. काका खिडकीशी बसून एकेका साडीचा काठ तपासत होते आणि नावं ठेवत होते.

"भिवंडीला हो म्हणा," मी म्हटलं. "जग असंच चालतं, काका."

"चालू दे. मी कुठे अडवलाय?"

मी काकींकडे पाहिलं. त्यांनी सुई केसांत खोवली. "माका काय इचारतंस? आमच्या घरात तत्त्व रोज शिजता गो. भात कधीमधी."

काकांनी पुढच्या साडीचा काठ तपासायला घेतला. काकी मोठ्यानं हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. मी चहा पिऊन निघाले. शेठला दुसरा कोणीतरी मिळाला.

मधे बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, क्लास बंद झाला, नेनेसर कम्प्युटर पुरवायच्या धंद्यात शिरले आणि मी त्यांच्याबरोबर. एकदा परळला जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका कपडे शिवणाऱ्या कारखान्यात यंत्र बसवायला गेले होते. संध्याकाळी काम सुटलं आणि बायकांची रांग फाटकाकडे निघाली. फाटकावर खाकी गणवेशात घाडीकाका उभे होते.

त्यांचं काम होतं पिशव्या तपासायचं. बाई जवळ आली, पिशवी उघडायला लागली की काका मान वळवून रस्त्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "चला, चला." एक नवी मुलगी होती. तिनं कोणी सांगायच्या आतच हात वर केले. काका एकदम ओरडले, "हात खाली घे, पोरी! खाली घे म्हणतो ना!" ती बिचारी घाबरून पळाली.

रांग संपल्यावर मी पुढे झाले. त्यांनी मला ओळखलं आणि गणवेशाची बटणं नीट केली.

"काका, अशानं कारखान्यातलं कोणी काही घेऊन जाईल की."

"जाईल. चोरी करू नये हे मला पटतं, बाई. पण दुसऱ्याला हात वर करायला लावणं माझ्याच्यान होत नाय." मग म्हणाले, "हे पण जाणार बहुतेक. मुकादमाने बघितलंय."

ते गेलंच. तिथे पुन्हा गेले तेव्हा फाटकावर दुसरा माणूस होता आणि तो पिशव्यांत कोपरापर्यंत हात घालत होता.

त्यानंतर थेट शेवटचीच भेट. माझी मुलं मोठी झाली होती, इंटरनेट घरात आलं होतं, आणि एका दुपारी सहज चाळता चाळता मला एक गोष्ट सापडली. जगातल्या कुठल्या कुठल्या देशांतल्या हौशी माणसांनी मिळून, थोरल्याच्या तोडीचं बेसिक तयार करून फुकट ठेवलं होतं. ज्याला हवं त्यानं न्यावं, आत कसं केलंय ते उघडून बघावं, नक्कल करून दुसऱ्याला द्यावं. मी ते लॅपटॉपवर उतरवलं आणि तशीच उठून लालबागला गेले. हे आणखी कोणाला सांगायचं, हेच मला सुचत नव्हतं.

काकींनी दार उघडलं. आता त्या वाकल्या होत्या, फॉलचं काम सुटलं होतं. काका खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, दाराकडे चेहरा करून. साखरेनं डोळे नेले होते.

"कोण गो?"

"बाई इल्यात. दादरच्या."

ते सावरून बसले आणि उशाशी चाचपून त्यांनी कंगवा काढला, केस विंचरले. मी खाटेशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, खरं सांगा. नक्कल नाय ना कोणाची?"

"नाही काका. त्यांनीच लिहून ठेवलंय, घेऊन जा, वाटा."

"वाचून दाखवा."

मी इंग्रजी परवान्यातलं जमेल तसं मराठीत सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. "म्हणजे गेटातून उघड न्यायचं," ते म्हणाले. "डोक्यावर घेऊन." मग थोड्या वेळानं, "आणि ज्यांनी बनवलं, त्यांची नावं?"

"आहेत. सगळ्यांची आहेत."

काकांनी नुसतं "हां" केलं आणि बराच वेळ मान हलवत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी यंत्र सुरू करण्यात उगाच वेळ घालवला.

त्यांच्या जुन्या फ्लॉपीला बुरशी लागून ती कधीच गेली होती. प्रोग्राम नव्यानंच करायला हवा होता. पट्ट्या कशा फिरवायच्या, पडदा कसा भरायचा ते मी लिहिलं, आणि खुंट्या काकांनी सांगायच्या. ते डोळे मिटून सांगायला लागले. "खुंटी. रिकामं. खुंटी, खुंटी. रिकामं." डोकं उतरलं, कणा झाला, काटे झाले. शेपटीशी आले आणि अडले. मागे गेले, पुन्हा आले, पुन्हा तिथेच अडले. "जाऊंदे," ते म्हणाले. "खात्यात कपाटं होती, तेव्हा बघता यायचं."

काकी उठल्या. काकांच्या पायांवर पांघरलेली मऊ, विटकी साडी त्यांनी ओढून काढली आणि तिचा काठ त्यांच्या हातात दिला. गिरणीच्या दुकानातून काकांनी एकदाच घेतलेली साडी होती ती, रजनीगंधा. नेसून नेसून जीर्ण झाली, मग पांघरूण झाली. काकांनी काठावरून अंगठा फिरवला. अंग विरलं होतं, पण काठाचे धागे अजून उठून होते. जिथे बोटाला धागा लागला तिथे खुंटी, जिथे लागला नाही तिथे रिकामं. शेपूट पुरी झाली.

मी प्रोग्राम चालवला. आधी नाव आलं, ह्या वेळी मराठी अक्षरांत. काकींना वाचता येत होतं, त्यांनी सावकाश, एकेक अक्षर लावत वाचलं. नवऱ्याचं नाव आयुष्यात त्यांनी मोठ्यानं कधी घेतलं नसेल. मग काठ धावायला लागला.

"दिसता?" काकांनी विचारलं.

"दिसता."

"शेपूट?"

काकी पडद्याजवळ वाकल्या, हातातली साडी पडद्याशेजारी धरली आणि एकेक ओळ ताडून बघितली. "बांगडो," त्या म्हणाल्या. "ह्यो तर आमचो बांगडोच."

काकांचा हात पडद्याकडे आला. मी यंत्र पुढे सरकवलं. त्यांची बोटं काचेवरून फिरली. काचेवर बोटांना काय लागणार? त्यांनी हात मागे घेतला आणि साडीवर ठेवला.

"आता कोणाला नाव पुसता येणार नाही, काका," मी म्हटलं.

"कोण पुसणार आता, बाई? ठेवायला तरी कोण उरलंय?" मग ते म्हणाले, "तुम्ही मात्र एक घेऊन जावा."

"नेणारच आहे."

संध्याकाळ होत आली होती. काकींनी चहा केला, मी प्यायले, लॅपटॉप पिशवीत घातला. दारात चपला घालायला थांबले. एक चप्पल कोणाच्या तरी पायानं लांब सरकली होती, ती ओढत मी तिथेच उभी राहिले. खाटेवरून काकांना माझी पावलं थांबलेली ऐकू आली असणार. त्यांनी चेहरा दाराकडे वळवला आणि साडीवरचा हात उचलून मला वाट दिली.

"थांबू नका, बाई. जावा. आज झडती नाय."